तसबिरीतले फादर

जिवंत फादर संपल्यापासून वसईत मरणाऱ्याच्या उशाशी तसबिरीतले फादर येत. कार्मेलीनच्या दारात टेंपोतून, गोधडीत गुंडाळून फादर मान्युएल आले. तैलचित्र अठराव्या शतकातलं, पेशव्यांच्या फौजेने पोर्तुगीजांचा वसईचा किल्ला वेढला होता तेव्हाचं. यंत्राने बोलतं केलं, तरी ते रंगवलं त्या दिवसापुढचं फादरांना काहीच ठाऊक नव्हतं.

कार्मेलीनच्या आईला मरण्यापूर्वी एक पाप सांगायचं होतं. जन्मभर ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. घरात ती वसईच्या ख्रिस्ती लोकांची कुपारी बोली बोलायची, पण समोर फादर म्हणून तिने मुद्दाम शुद्ध मराठी लावली.

"फादर, माझ्या हातून एक अपराध घडला आहे."

"पेशव्यांची माणसं!" ती मराठी ऐकताच चित्र किंचाळलं. "किल्ला पडला?"

"कधीच पडला," कार्मेलीन म्हणाली. "आता आम्हीपण मराठीच. तुम्ही आधी आईचं ऐका."

फादर ऐकेनात. ते हुंदके देऊ लागले. "माणसं देवळात लपलीत, आणि मी त्यांना न सांगता पहाटेच्या होडीने पळणार आहे."

आईने बोटं त्यांच्या रंगवलेल्या हातावर ठेवली आणि बोलीत बराच वेळ त्यांची समजूत घातली. शेवटी "जा पोरा, माफ केलं," म्हणाली आणि तिचा श्वास थांबला.

कार्मेलीनने आईचे डोळे मिटले. मग तिने विचारलं, "आणि आईचं पाप?"

"ते राहिलंच," फादर म्हणाले. "माझी होडी आली का?"

बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवत होता.

"आली," म्हणत कार्मेलीनने त्यांच्यावर गोधडी ओढली.