चार उंचवट्यांची दाढ

“तोंड उघडा, सर.”

डॉ. दीनानाथ गुप्त्यांनी तोंड उघडलं ते बोलायला. कवळी काढलेली होती, शब्दांतून हवा निसटत होती, पण तोरा तसूभरही निसटत नव्हता.

“ही रुचिरा,” बाकावर बसलेल्या बाईंकडे त्यांनी अंगठा केला. “माझ्या हाताखाली पीएचडी केली. आता पुण्यात मोठी शास्त्रज्ञ झालीय, आणि मलाच शिकवते. म्हणे आधी दगडातला जबडा स्कॅन करू, मगच लेख छापू!”

हाफिज नुसता हसला. पनवेलच्या बाजारात त्याचं कवळ्यांचं दुकान होतं. भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. गिऱ्हाइकाचे दात काढायच्या आधी तो त्यांचा साचा घेऊन ठेवी, प्रत्येकावर नाव घालून. शहरभराची तोंडं मांडून बसलाय लेकाचा, असं दीनानाथांना दर वेळी वाटे.

“सर, सगळे दात साध्या सरड्याचे आहेत,” रुचिरा म्हणाली. “एकच दाढ वेगळी. तेवढ्या एका दाढेवर नवी जात ठरवायची, तर नीट बघायला नको?”

“साध्या सरड्याचे! अगं, पालीचे दात जबड्याच्या आतल्या अंगाला आणि सरड्याचे थेट कडेवर, एवढं डोक्यात शिरायला तुला महिना लागला होता. विसरलीस?”

“नाही विसरले.”

“मग गप्प बस.”

एवढं बोलून दीनानाथांना बरं वाटलं.

उलव्याकडे टेकडी फोडताना तो दगड निघाला होता. त्यात करंगळीच्या पेराएवढा जबडा रुतलेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. दीनानाथांचे हात थरथरतात, म्हणून दगड सोलायचं काम त्यांनी हाफिजला दिलं. बारीक हत्यारं होती त्याच्याकडे, भिंग होतं, डॉक्टरपेक्षा स्थिर हात होता. पण डोकं? छे! दीनानाथांच्या पुढच्या दोन दातांत जन्मापासून फट होती. ती या पठ्ठ्याने कवळीत न विचारता बुजवून टाकली होती. वर म्हणाला, आता कसं छान दिसतं! चहाच्या डागासकट रंग मात्र असा जुळवला होता, की बायकोलाही रंगातला फरक कळला नाही.

तीन आठवड्यांनी त्याने जबडा मोकळा करून आणला आणि दारातच घुटमळला. “सर, एक सांगायचं होतं...”

“तू दगड काढलास ना? झालं तर मग. अक्कल पाजळू नकोस.”

हाफिज मान डोलावून गेला. लेखात दीनानाथांनी त्याचे आभारही मानले नाहीत. देवळाच्या शिलालेखात गवंड्याचं नाव कोणी कोरतं का?

त्या दिवशी त्यांनी जबडा भिंगातून पाहिला. पाचव्या जागी मोहरीएवढी दाढ. टोकदार नव्हे, रुंद. वर चार उंचवटे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एक सरडा माणसासारखं चावून खात होता! कॉलेजात चाळीस वर्षं लोक हिणवत आले, “गुप्ते, सरड्याचे दात कोरून पोट भरतं का हो?” आता बहात्तराव्या वर्षी त्यांनी शोधलेली जात पुस्तकांत जाणार होती. ती दाढ नसती, तर तो जबडा चार आण्यांचा होता, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं? उद्या संध्याकाळी सत्कार होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि ही कालची पोर म्हणते, स्कॅन!

“हाड जिभेला लावून पाहिलंय मी,” ते म्हणाले. “जुनं हाड जिभेला चिकटतं. हे चिकटलं.”

“आणि दाढ, सर?”

“मोहरीएवढी दाढ जिभेला लावू? निखळून घशात गेली असती! घेऊन जा, कर तुझं स्कॅन. सकाळच्या आत आण आणि सत्कारात पहिल्या रांगेत बस. सगळ्यांदेखत माफी मागायची आहे तुला.”

त्यांनी खिशातली डबी तिच्या हातात आदळली.

हाफिजने सैल झालेल्या कवळीत पकडीचा मसाला भरला आणि ती त्यांच्या तोंडात दाबून बसवली. “आता पाच मिनिटं दात मिटून बसा. बोललात तर उद्या भाषणात कवळी बाहेर येईल.”

दीनानाथांनी दात मिटले.

रुचिराने डबी उघडली. बराच वेळ जबडा उजेडात धरून पाहिला. “हाफिजभाई, हा तुम्हीच साफ केलात ना? करताना काही वेगळं दिसलं होतं?”

हाफिजचा चेहरा खुलला. इतक्या महिन्यांत त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं. “दिसलं ना, मॅडम. पाचवी जागा रिकामी होती. फट ठेवून माल द्यायचा नाही, हा आमच्या अब्बांचा उसूल. मी बनवून बसवली. रंग बघा, कसा जुळलाय! सांगणार होतो, पण सर कुठे बोलू देतात?”

खुर्चीतून घुसमटलेला आवाज आला. दीनानाथ उठू पाहत होते. हाफिजने प्रेमाने त्यांची हनुवटी वर दाबून धरली. “हलू नका, सर. मसाला सुकतोय.”

रुचिराने जबडा पुन्हा उजेडात धरला. मग हळूच म्हणाली, “पण सरड्याची दाढ कशी असते, हे तुम्ही बघितलंत कुठे?”

“सरड्याच्या तोंडात कोण बघायला जातं, मॅडम?” मोकळ्या हाताने हाफिजने फळीवरून एक प्लास्टरचा जबडा उतरवला, फुंकर मारून त्याच्यावरची धूळ उडवली आणि नाव तिच्याकडे केलं. “ही घ्या. सरांचीच, खालची डावी, किडायच्या आधीची.”