आत एकच जण

"'प्रसूती'तला सू ऱ्हस्व लिहिलाय," ताई पाटीकडे बघत म्हणाली आणि फाटकातूनच मागे फिरली. "घाईची माणसं दिसतात."

"अगं, मला तिथे शुद्धलेखनाची परीक्षा द्यायची नाहीये," धाकटी म्हणाली. सातवा महिना, पायाला सूज, आणि सकाळपासूनचं हे तिसरं हॉस्पिटल. ती तिथेच कट्ट्यावर बसली.

ताई एकोणीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासत होती. दुसऱ्याच्या चुका शोधणं हाच तिचा धंदा, त्यामुळे तिच्या तावडीतून लग्नपत्रिका सुटत नसे तिथे हॉस्पिटल कुठून सुटणार? तिच्या वहीत सतरा प्रश्न होते. लाल शाईत. लिफ्ट बंद पडली तर काय, वीज गेली तर काय, डॉक्टर गावाला गेले तर काय. पहिल्या हॉस्पिटलातला मॅनेजर अकराव्या प्रश्नाला फोन आल्याचं निमित्त करून जो आत गेला तो बाहेर आलाच नाही.

"चार वाजता शाळा सुटते. त्याआधी मला फाटकाशी पोचायचंय," धाकटीने आठवण केली.

"पोचशील गं. आधी पाणी पी."

ताईचा फोन वाजला. तिचा नवरा होता. जेवली का, दमली का, रिक्षा हळू चालवायला सांगा.

"माझा नवरा करत नाही एवढी चौकशी भावोजी करतात," धाकटी हसली. "त्यांना म्हणावं, वरण-भात जेवले आणि वर दोन केळी खाल्ली. टिपून ठेवा."

चौथं हॉस्पिटल मोठं होतं. लख्ख फरशी, चार लिफ्ट, आणि नवजात बाळांसाठी अख्खा मजला राखलेला. काउंटरवरच्या सिस्टरने सतराच्या सतरा प्रश्नांची उत्तरं न चिडता दिली. ताईचा चेहरा उजळत गेला.

"पहिलं का?" सिस्टरने विचारलं.

धाकटीने तोंड उघडलं, पण ताईच बोलून गेली, "हो, पहिलंच."

"तरीच. पेशंटपेक्षा ताईच जास्त घाबरल्यात."

धाकटीचा एकच प्रश्न होता. प्रत्येक ठिकाणी ती तेवढाच विचारायची. "आत कोणाला येऊ देता?"

"कोणालाच नाही. बाळ दोन तासांनी काचेतून दाखवतो."

"मग नको," धाकटी म्हणाली आणि चालू लागली.

ताईने तिला जिन्यापाशी गाठलं. "वेड लागलंय का? इतकं चांगलं हॉस्पिटल! मी थांबेन की बाहेर. आत येऊन मी काय दिवे लावणार आहे?"

"दोन तास? काचेबाहेर? तू?"

ताईने वही मिटली. हातातोंडाशी आलेला घास गेला, असं तिच्या घरात चारदा झालं होतं. त्या विषयावर बहिणी बोलत नसत. पण आपला पायगुणच वाईट, हे ताईने मनाशी पक्कं करून टाकलं होतं. आपण जितकं लांब राहू तितकं बाळ सुखरूप येईल, असं तिला खरोखरच वाटायचं. एरवी एवढी शहाणी बाई, पण या एका बाबतीत तिला कोणी काही ऐकवू शकत नसे.

"मला भीती वाटते गं," ती शेवटी म्हणाली. "मी आत असले आणि काही झालं तर?"

"आणि तू नसलीस आणि सगळं नीट झालं तर? तेव्हा मी कोणाकडे बघू?"

धाकटीने ताईचा दंड धरला. "आता एकच बघू. मग मी तुझं ऐकेन. शप्पथ."

पाचवं हॉस्पिटल ताईच्या घरापासून तीन गल्ल्यांवर होतं. जुनी दुमजली इमारत, दहा खाटा, आणि बाह्या दुमडलेली एक वयस्कर डॉक्टरीण. ताईने वही उघडली. डॉक्टरीण म्हणाली, "विचारा, मला घाई नाही." बाळाला जास्त उपचार लागले तर? मोठं हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, गाडी दारात उभी असते, बाळाबरोबर मी स्वतः जाते. आजवर किती वेळा गेलात? तिने खरा आकडा सांगितला. त्यातली किती बाळं परत आली, तेही सांगितलं. एक आलं नाही, हे तिने लपवलं नाही. ताईला त्या खरेपणानेच धीर आला.

"आत कोणाला येऊ देता?" धाकटीने विचारलं.

"एकच जण. नवरा येणार?"

"नवरा नाही. ही."

डॉक्टरणीने फाइल ओढून पहिल्या पानापासून वाचायला घेतली. एका कागदावर ती थांबली. चष्मा काढला आणि दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"तुम्ही घाबरलाय का?" तिने ताईला विचारलं.

"खूप."

"घाबरा की. पण घाबरायचं ते आत येऊन घाबरा. बाहेर बाकावर बसून घाबरण्यात काही अर्थ नाही."

ताई हसायला गेली आणि रडू आलं. नाक पुसत, मानेनेच ती हो म्हणाली. सतरापैकी तीन प्रश्न विचारायचे राहिले होते, ते तसेच राहिले.

तेवढ्यात धाकटी "आई गं!" म्हणून कळवळली. ताई ताडकन उठली. "काय झालं? कुठे दुखतंय?"

"काही नाही, धुमाकूळ चाललाय आत." धाकटीने तिचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला आणि खाली मान घालून लाडाने दटावलं, "पुरे रे बाळा, मावशीला किती लाथा मारशील? ही बघ, तुझी आई आली."