छाती नावाची फाइल

"तुम्ही माझ्या नवऱ्याची तेरा वर्षं पुसून टाकलीत!" इंदुमतीने मेल-सफाई खात्याच्या खिडकीतल्या साहेबाला तोंडावर सुनावलं.

दर अमावास्येला सरकारची संगणकी स्क्रिप्ट राज्यातल्या प्रत्येकाच्या मेलमध्ये शिरायची आणि एकाच नावाच्या अटॅचमेंटपैकी शेवटची ठेवून बाकीच्या पुसायची. नवरा बासू लोखंड ओतायचा त्या फाउंड्रीचा दवाखाना त्याच्या छातीचा एक्स-रे दरवर्षी मेलवर पाठवायचा आणि फाइलचं नाव दरवर्षी एकच असायचं, 'छाती'. इंदुमतीने चौदाही जिवापाड जपले होते. आता शेवटचा तेवढा उरला, फुप्फुसात साचलेल्या धुळीच्या पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला. तोच नाचवून कंपनी भरपाई नाकारत म्हणत होती, हा माणूस कामाला आला तेव्हाच आजारी होता.

"बाई, जागा वाचते त्याने," साहेब म्हणाला. "आणि ताजा एक्स-रे आहे की तुमच्याकडे."

"ताजा? भाजी आहे का ती?" बाकावरचा बासू खोकतखोकत हसला. "पहिल्या एक्स-रेत छाती आरशासारखी साफ होती हो साहेब."

"पुरावा आहे?"

इंदुमतीने खिडकीच्या गजावर हात आपटला.

"तोच तर तुम्ही पुसलात! आता तुम्हीच लिहून द्या, ही धूळ फाउंड्रीतली, की हा आईच्या पोटातून घेऊन आला?"