दाखवण्यापुरतं

“मी नाही त्या यंत्रात छाती घालणार,” गाऊनची नाडी घट्ट धरून धाकटी बहीण म्हणाली. “चेपतात म्हणे!”

“चेपतात. पिळत नाहीत काही,” यंत्रावरच्या बाई म्हणाल्या. छातीचे फोटो काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि घाबरलेल्या बायकांना हसवण्यातही.

धाकटी हसली नाही. थोरलीने तिला जवळजवळ ओढतच आणलं होतं. थोरलीला स्तनाचा कॅन्सर होऊन गेला होता. याच खोलीत, याच बाईंनी काढलेल्या फोटोत तो सापडला होता. गाठ हाताला लागायच्या आधी सापडली म्हणून मी जिवंत आहे, हे ती भेटेल त्याला ऐकवायची. धाकटी तेवढं कानामागे टाकायची.

“बरं, मी लावून दाखवते. नुसतं दाखवायला हं.” बाईंनी दोघींना काचेच्या आडोशाला उभं केलं, कोट काढून खुंटीला अडकवला आणि अंगातल्या कपड्यांनिशीच त्या यंत्राला भिडल्या. पायाने कळ दाबली. वरची पट्टी खाली येऊन छातीवर टेकली. “बघा, ओरडतेय का मी? हे असं झालं, की मी म्हणते, श्वास रोखा...”

खट्ट आवाज झाला.

काचेमागे बाईंची जोडीदारीण मान खाली घालून धाकटीचं नाव टाइप करत होती. बाईंनी ‘श्वास रोखा’ म्हणायचं आणि तिने बटण दाबायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. कान ऐकायचा, बोट दाबायचं. डोक्याला मध्ये कुणी विचारतच नसे.

“अगं ए, माझाच काढलास की!” बाई खो खो हसल्या. “पुसून टाक तो.”

जोडीदारीणही हसत संगणकाच्या पडद्याकडे वळली. तिचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

पडद्यावर करड्या चित्रात एक पांढरा ठिपका होता. मसुराएवढा, काटेरी कडांचा. वर धाकटीचं नाव.

“ते माझं आहे?” धाकटीने विचारलं.

“तुझं नाही गं,” जोडीदारीण म्हणाली आणि तिने बाईंकडे पाहिलं.

बाई काचेमागे आल्या. पडद्याकडे पाहिलं.

“ब्लाउजचा हूक असेल माझा.”

“हूक हा इकडे दिसतोय.”

“मग अंगाला लावलेली पावडर.”

“पावडर अशी एका जागी बसत नाही. तूच शिकवलंस मला.”

असे ठिपके बाईंनी किती पाहिले होते त्याला गणती नव्हती. स्वतःचा फोटो मात्र त्यांनी एकदाही काढला नव्हता. जोडीदारीण दरवर्षी मागे लागायची आणि दरवर्षी बाई म्हणायच्या, बाहेरची रांग बघितलीस का आधी.

“मी?” बाई म्हणाल्या. “अगं, पण मी इथे काम करते.”



जोडीदारणीने शेजारच्या खोलीतून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या पडद्याजवळ वाकल्या, बराच वेळ वाकूनच राहिल्या. “काय आहे ते तिथला तुकडा काढून तपासल्यावरच कळेल,” त्या म्हणाल्या. “पण आधी नीट फोटो हवेत. दोन्ही बाजूंचे. आत्ता.”

“आत्ता कसं? बाहेर बायका ताटकळल्यात.”

“ताटकळू देत,” थोरली म्हणाली. तिने बाईंचा हात धरला. “माझाही एवढासाच होता, बाई. तुम्हीच दाखवला होतात, इथेच. मी आहे ना उभी तुमच्यासमोर?”

बाईंनी तिच्याकडे प्रथमच बघावं तसं पाहिलं. मग खुंटीवरचा गाऊन घेतला आणि कपडे बदलायच्या पडद्याआड गेल्या.

यंत्रापुढे त्या परत उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना हात कुठे ठेवायचा तेही उमगेना. जोडीदारणीने येऊन त्यांचा खांदा वळवला, हात वर ठेवला, पट्टी खाली आणली आणि काचेमागे पळाली. बोट बटणावर ठेवून ती शब्दाची वाट बघू लागली. शब्द येईना. तो म्हणायच्या त्या बाईच आता यंत्रात होत्या.

“श्वास रोखा,” काचेआडून धाकटी मोठ्याने म्हणाली.

खट्ट.

“सोडा आता, बाई,” ती म्हणाली. गाऊनच्या नाडीची गाठ ती सोडायला लागली होती. “तुमचं झालं की माझा नंबर.”