लोरेटाबाईंचा संघ

खऱ्या टीममधले खेळाडू निवडायचे आणि त्यांच्या खेळावर गुण मिळवायचे, अशा घरातल्यांच्या फँटसी फुटबॉलमध्ये यंदा लोरेटाबाईंनीही आपले खेळाडू निवडले. हंगामभर दर रविवारी मॅच बघायला चौदा जण त्यांच्याकडेच जमत, आणि खिमा-राजम्याची चिली रांधून रांधून बाईंचा पिट्टा पडे.

यादी पाहून थोरला ड्वेन फिदीफिदी हसला. "आई, काय बघून निवडलेस गं हे? प्रत्येक टीमला हंगामात एक रविवार सुट्टी असते. तुझे सगळेच्या सगळे एकाच रविवारी घरी बसणार. भोपळा मिळेल तुला त्या दिवशी."

"सुट्टी बघूनच निवडलेत, शहाण्या," पातेलं घासताना मान वर न करता बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षांत मला तेवढीही मिळाली नाही."

मग घासलेलं पातेलं त्याच्या हातात देत त्या पुढे म्हणाल्या,

"त्या रविवारी चिली तू रांध."