पडद्यावरच्या बाई

खिचडीचं पातेलं उतरवून मावशींनी पदराला हात पुसले आणि वर्गातला टीव्ही लावला. "बाईंची बदली झाल्यापासून मीच लावते, सर. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही."

पडद्यावर बाई दिसताच मुलं उभी राहिली. "नमस्ते, बाई!"

शाळेत त्या एकट्याच शिक्षिका होत्या. हे सगळे धडे मीच त्यांच्याकडून रेकॉर्ड करून घेतले होते. कॅमेऱ्यासमोर त्या भराभर बोलून मोकळ्या व्हायच्या. मी सांगायचो, "प्रश्न विचारा, जरा थांबा, मग हसून शाब्बास म्हणा. मुलांना वाटलं पाहिजे, बाई समोरच आहेत."

"बावन्नातून सतरा गेले, किती उरले?" विचारून पडद्यावरच्या बाई थांबल्या.

पुढच्या मुलीनं पाटीवर पंचेचाळीस लिहिलं आणि उठून पाटी टीव्हीसमोर धरली.

"शाब्बास!" बाई हसल्या.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. "अगं, हे चुकलंय. पस्तीस उरतात. ये, पुन्हा करू."

तिनं पाटी छातीशी घट्ट धरली. माझीच समजूत घातल्यासारखं ती म्हणाली, "नाही सर, आता आमचं कुणाचंच चुकत नाही."