मानाच्या घोड्याचं उष्टं

राणी घोडीच्या नाकातून फिरवलेला बोळा यंत्रात गेला आणि चहा निवायच्या आत विषाणूची अख्खी वंशावळ पडद्यावर उमटली.

“तात्या, खंडोबाच्या मानाच्या घोड्याकडून आलाय हा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “एकाच हौदावर पाजलंत?”

“हो,” बारकूतात्या म्हणाले. चंपाषष्ठीचं कीर्तन संपलं की मानाचा घोडा आधी पाणी पितो आणि त्याचं उष्टं गावची घोडी प्रसाद म्हणून पितात. त्या दिवशी राणी मागं सरत होती. तात्यांनीच लगाम ओढून तिला पाजलं होतं.

“बाकीची वेगळी बांधली तर वाचतील. ही मात्र आता उठायची नाही, तात्या. यातनेतून सोडवू तिला?”

तात्यांनी कसाबसा होकार दिला. पसरलेल्या राणीचं डोकं मांडीवर घेऊन ते तिच्या कानाशी वाकले.

“देवावर राग धरू नकोस गं बाई. ओढलं मी होतं.”